नाटकातले एक सर

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, राजकमल चौकातल्या सिग्नलवर, प्राध्यापक कुलदीप गावंडे याने आपल्या गाडीची काच वर केली. झालं ते एवढंच. दुभाजकाच्या बाजूने एक पांढरी स्कूटी त्याच्या खिडकीशी येऊन थांबली होती, आणि तिच्यावरच्या बाईने उन्हाधुळीसाठी तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ हनुवटीखाली ओढला होता. अमरावतीत स्कूटीवरची बाई भर चौकात स्कार्फ खाली ओढते ती कुणाला तरी ओळख द्यायलाच, नाहीतर घरापासून कचेरीपर्यंत तिचे फक्त डोळे दिसायचे. दीपमालाने ओळख दिली. ती हसलीसुद्धा, पूर्ण हसली, आणि हसताना तिचा वरचा एक दात थोडा पुढे येतो तो त्याला दिसला. त्याच क्षणी त्याचं बोट दारावरच्या बटणावर गेलं. काच सावकाश, काहीच घाई नसल्यासारखी वर चढली. आधी तिची हनुवटी गेली, मग तो दात, मग डोळे. वरच्या पट्टीला काच टेकली तेव्हा जो बारीक आवाज झाला तो एरवी ऐकूही येत नाही, आणि आता तो तेव्हापासून त्याच्या कानाच्या मागे कुठेतरी बसून होता.

शेजारच्या सीटवर त्याचा मोठा भाऊ किसनराव होता. धामणगावजवळच्या गावाहून आलेला, कालच उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी, आणि तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं चाललेलं. पण राहिलेल्या एका डोळ्याने किसनरावला जे दिसायचं ते दोन डोळेवाल्यांना दिसत नसे. सिग्नल सुटून गाडी पुढे आल्यावर तो म्हणाला, ‘‘कोन होती थे?’’ कुलदीप म्हणाला, ‘‘कोन?’’ ‘‘थे स्कूटीवाली. तुले पाहून हासली ना.’’ ‘‘विद्यार्थिनी असंन एखांदी.’’ किसनराव पोट हलवत हसला. ‘‘येवढी मोठी विद्यार्थिनी?’’ ‘‘बाहेरून परीक्षा देतात भाऊ, आजकाल कोनीबी देते,’’ असं कुलदीप म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला वाटलं की हे वाक्य किती सहज आलं. नाटकाच्या तालमीत एकेका वाक्यासाठी चार-चार दिवस घाम गाळावा लागतो, आणि हे कसं आयतं जिभेवर तयार होतं! किसनरावने विषय सोडला. मग मुद्दाम आठवल्यासारखं म्हणाला, ‘‘तुही बायको जाऊन पाच वर्सं झाले आता. आपल्यातली एखांदी पाहून टाकू. एकट्यानं काय दिवस काढतं?’’ ‘आपल्यातली’ हा शब्द त्याने जोर न देता वापरला, भाजीत मीठ टाकावं तसा. कुलदीपने ब्रेकवर पाय ठेवला आणि समोर काहीच नसताना गाडी हळू केली.

दुपारी त्याने तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्राचा तास घेतला. बोलणं तोंडाने चालू होतं, आणि आत दुसराच माणूस बसून काचेचा हिशेब मांडत होता. धूळ होती, हे तर खरंच. भाऊच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, धूळ जाऊ देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, हेही खरंच. मग काच वर करणं चुकलं कुठे? शपथेवर सांगता येईल अशा दोन खऱ्या गोष्टी त्याच्या हातात होत्या, आणि तरी हिशेब जुळत नव्हता. तिने स्कार्फ पुन्हा वर ओढला असेल का? लगेच ओढला असेल, की थोडा वेळ तशीच राहिली असेल, उघड्या तोंडाने, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत? हे त्याला दिसलं नव्हतं. काच काळी होती म्हणून नव्हे. त्याने पाहिलंच नव्हतं.

सगळं सुरू झालं ते ऑगस्टात, त्या नाटकामुळे. नाटक दीडशे वर्षांपूर्वीचं, कुठल्याशा थंड देशातलं. गावाला सदाचार शिकवणारा एक मुख्याध्यापक दर आठवड्याला एका घड्याळदुरुस्ती करणाऱ्या विधवेकडे जातो. घड्याळ बिघडलंय म्हणतो. घड्याळ कधीच बिघडलेलं नसतं. ती ते उघडते, पुसते, परत देते, आणि तेवढ्या वेळात दोन एकटी माणसं एकमेकांशी बोलून घेतात. शेवटी गावाच्या भर सभेत ती त्याचं विसरलेलं घड्याळ परत द्यायला येते, आणि तो म्हणतो, हे माझं नाही, या बाईंना मी ओळखत नाही. माधवीताईंनी, म्हणजे त्यांच्या हौशी मंडळाच्या दिग्दर्शिकेने, त्याचं मराठी रूपांतर करताना सगळं बदललं पण बर्फ तसाच ठेवला. ‘‘अकोल्याच्या स्पर्धेत बर्फ?’’ असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘राहू दे बर्फ. हे तिकडचं आहे असं वाटलं की लोक निवांत बसून बघतात.’’ मुख्याध्यापक अर्थातच कुलदीप. घड्याळवाली बाई म्हणजे प्रणाली. ती अकोल्याच्या एका शाळेत शिकवायची आणि तिला फक्त रविवारी येता यायचं. उरलेले सहा दिवस तिच्या जागी प्रॉक्सी उभी राहायची, आणि ती प्रॉक्सी म्हणजे भूमी अभिलेख कचेरीतली दीपमाला तायडे. मंडळात ती कपडेपट सांभाळायची, विंगेतून वाक्यं पुरवायची, आणि कुणी आलं नाही की हातात संहिता घेऊन त्याच्या जागी उभी राहायची.

प्रॉक्सीचा एक नियम असतो, तो कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक असतो. प्रॉक्सीने अभिनय करायचा नाही. वाक्यं सपाट वाचायची, जागा धरायची, समोरच्याला वेळ साधून द्यायची, बस. भूमिका दुसऱ्याची आहे, तिच्यात हात घालायचा नाही. दीपमाला हा नियम काटेकोर पाळायची. आणि गंमत अशी की तिच्या त्या सपाट वाचण्यापुढे कुलदीपला जे सुचायचं ते रविवारी प्रणालीच्या रडण्याहसण्यापुढे कधीच सुचलं नाही. ‘तुझ्या दुकानात आलो की माझं वय थांबतं’ असं एक वाक्य होतं. बावीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला असलं काही म्हटलं नव्हतं. ती होती तेव्हा शब्द नव्हते, आणि ती गेल्यावर घरात बोलायलाच कुणी नव्हतं. कुकरची शिट्टी मोजायची, पुण्याला मुलीला, खुशीला फोन करायचा, तिने ‘‘जेवलात का बाबा’’ विचारायचं, याने हो म्हणायचं. असा माणूस रोज संध्याकाळी साडेसहाला, शाळेच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली, एका सत्तेचाळीस वर्षांच्या बाईकडे पाहून म्हणत होता की माझं वय थांबतं. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ते वाक्य ऐकून दीपमालाने संहितेतून डोळे वर केले. पुढचं वाक्य तिचं होतं. ते तिने वाचलं नाही, नुसतं पाहिलं. माधवीताई म्हणाल्या, ‘‘दीपमाला, वाक्य!’’ आणि तिने घाईघाईने बोट ओळीवर ठेवलं.

त्यानंतर तो तिला गाडीतून सोडायला लागला. लोकांपुढे ‘दीपमालाताई’, गाडीत नुसती ‘दीपमाला’. घराच्या एक गल्ली अलीकडे ती उतरायची. आधी त्याला वाटायचं की हे तिच्या घरमालकासाठी, आणि मग एक दिवस ध्यानात आलं की गाडी तिथे थांबवतो तो आपणच. तिचं लग्न मोडून सोळा वर्षं झाली होती, आणि ती त्याबद्दल बोलायची ती जुन्या बदलीबद्दल बोलावं तशी. ‘‘मी काई रडत बसली नाई,’’ ती म्हणायची. ‘‘पन संध्याकाळी कोनी इचारलं पायजे ना, आज काय झालं म्हनून. तेवढंच.’’ तेवढंच त्यालाही हवं होतं. आणि तेवढंच नको, बाकीचंही हवं होतं. गिअर बदलताना हात तिच्या हाताला लागला की त्रेपन्न वर्षांच्या अंगात जे व्हायचं त्याला कुठल्याच विषयात नाव नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली, ‘‘प्रयोग अकोल्याले हाये. दुपारी सुटनार. माह्या बाबाच्या घरी जेवाले या.’’ तो हो म्हणाला. ती म्हणाली, ‘‘लपून नोका येऊ. सगळे असतीन तवा, सगळ्यायच्या समोरून या.’’ तो त्यालाही हो म्हणाला, आणि म्हणताना त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग आता भीती कुणाची? तासाच्या शेवटी मुलं उठून गेली तरी तो टेबलाशी उभा राहून यादी करत होता. खुशीने तर स्वतःच दोनदा म्हटलं होतं, बाबा, कुणी असेल तर बघा. भाऊ बडबड करेल, दोन सण येणार नाही, तिसऱ्या सणाला येईल. नोकरीला धक्का नाही. कॉलेजात तर टाळ्याच पडतील. संविधान दिनाला त्याचंच भाषण असतं. एप्रिलात जयंतीला दोन-दोन वस्त्यांतून त्याला बोलावणं येतं, तिथे मंचावर बसून त्याने खीर खाल्ली आहे आणि त्याचे फोटोही पेपरात आले आहेत. मंचावर खाता येतं. मंच उंच असतो, समोर लोक असतात, खाल्ल्यावर खाली उतरून घरी जाता येतं. पण अकोल्याच्या त्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसलं की मग उतरायचं कुठे? घाबरावं एवढा मोठा माणूस त्याला सगळ्या यादीत सापडेना. नुसती कुजबुज होती, तीसुद्धा अजून झाली नव्हती. आपण न झालेल्या कुजबुजीला घाबरतो आहोत हे कळल्यावर त्याला स्वतःची खरोखर शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून तो थोडा सुखावलाही. असा तो माणूस होता.

संध्याकाळी तालमीला तिसरा अंक होता. दीपमाला आधीच आलेली, टोप्यांना अस्तर शिवत बसलेली. ‘‘या सर,’’ ती म्हणाली, रोजच्यासारखंच. त्याने सवयीने आपलं मनगटी घड्याळ काढून तिला दिलं. खरं खिशातलं घड्याळ प्रयोगालाच वापरायचं होतं. सभेचा प्रवेश लागला. ती एका हातात संहिता आणि दुसऱ्या हातात ते घड्याळ घेऊन समोर आली आणि सपाट आवाजात म्हणाली, ‘‘तुम्ही हे माझ्याकडे विसरलात.’’ या जागेवर कुलदीप गेले दोन महिने अडखळत होता. माधवीताई म्हणायच्या, तू ओरडतोस, खोटं बोलणारा माणूस ओरडत नाही. आज तो ओरडला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, अगदी सौजन्याने, कचेरीत चुकीच्या टेबलाशी आलेल्या माणसाकडे पाहावं तसं, आणि म्हणाला, ‘‘हे माझं नाही. या बाईंना मी ओळखत नाही.’’ मग माधवीताईंनी एकदम टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. ‘‘अरे, कुठून आणलंस हे आज? अस्संच ठेव! एक काडी हलवू नकोस यातली.’’ कुलदीपच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. दीपमालाने घड्याळ टेबलावर ठेवलं, संहितेत पेन्सिलने बारीक खूण केली, आणि विचारलं, ‘‘ताई, पुढचं पान घ्यायचं का?’’

परतताना बडनेरा रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, ‘‘सकाळी काच काऊन वर केली?’’ आवाजात राग नव्हता. रागाचं उत्तर त्याने दिवसभर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं. ‘‘धूळ होती गं. भाऊच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना कालच.’’ ‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘धूळ त होतीच.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘भाऊची तब्येत कशी हाये आता?’’ आणि तिने हे मनापासून विचारलं याचाच त्याला जास्त त्रास झाला. गल्लीच्या अलीकडे गाडी थांबली. उतरताना दार धरून ती वाकली. ‘‘बाबाले मी तुमचं नाव नाई सांगतलं. नाटकातले एक सर येनार हायेत जेवाले, येवढंच सांगतलं. बाकीचं तुमीच सांगा. नाई सांगाचं असंन तरी चालते, पन मंग मले इथं उतरवाले पुना येऊ नोका.’’ एवढं बोलून तिने दार लावलं, नीट, आपटलं नाही. तो पाहत राहिला. ती मागे वळली नाही.

शुक्रवार, शनिवार त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. इस्त्री केलेला शर्ट त्याने पुन्हा इस्त्री केला. दीपमाला शनिवारीच कपड्यांच्या पेट्या घेऊन अकोल्याला पुढे गेली होती, आणि ती गावात नाही म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच घर खायला उठलं. रविवारी पहाटे सहाला मंडळाची बस निघाली. बडनेऱ्याला त्याने ठरवलं की सांगायचं. सरळ पुढे व्हायचं, हात जोडायचे, म्हणायचं, मी कुलदीप गावंडे, दीपमालाने सांगितलं ते मीच. मूर्तिजापूरला चहा पिताना नेपथ्यवाला सहज म्हणाला, ‘‘सर, तुमचं काय बुवा, तुमी तत्त्वाचे मानूस,’’ आणि तो पुन्हा ढासळला. सगळ्यांसमोर कशाला? पुढच्या रविवारी एकटं येऊ, शांतपणे बोलू, म्हाताऱ्या माणसाला धक्का नको. बोरगाव मंजूला त्याला हे किती नीच आहे ते कळलं आणि त्याने पुन्हा ठरवलं. खिडकीबाहेर वेचणीला आलेली कपाशी पांढरी होऊन उभी होती. एवढ्या वेळा ठरवून झाल्यावर ठरवण्यात काही अर्थ उरत नाही, हे त्याच्यासारख्या शिकलेल्या माणसाला समजायला हवं होतं.

प्रयोग अकराला सुरू झाला. पडद्याच्या फटीतून त्याने प्रेक्षकांत तिच्या वडिलांना शोधलं. त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. देवमन तायडे, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन, एवढीच माहिती. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातला एक सडसडीत म्हातारा दिसला. हेच असतील असं त्याने धरलं, आणि सगळं नाटक त्या माणसाकडे पाठ येणार नाही अशा बेताने केलं. प्रणाली छान उभी राहिली. विंगेत दीपमाला स्टुलावर, मांडीवर संहिता. तिसऱ्या अंकात प्रणालीने घड्याळ पुढे केलं, आणि त्याच्या मनात एक विलक्षण विचार चमकून गेला, की आत्ता, इथे, म्हणावं हो, माझंच आहे. नाटक कोसळेल, माधवीताई मरतील, पण सुटका होईल. विचार आला तसा गेला. त्याने सौजन्याने पाहिलं आणि म्हटलं, ‘‘या बाईंना मी ओळखत नाही.’’ अंधारातून एका बाईचा ‘अरे’ असा आवाज आला. परीक्षकांपैकी एकाने मान हलवली. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात, आणि त्या टाळ्यांत तो इतका सुखावला की दोन मिनिटं त्याला दुसरं काही आठवलंच नाही.

मेकअपच्या खोलीत गर्दी उसळली होती. प्रणालीच्या शाळेतल्या बाया, कुणाचे मेहुणे, फोटो, पेढे. कुलदीप आरशापुढे बसून तोंडाला कोल्ड क्रीम चोळत होता, अर्धी मिशी निघालेली. आणि दारातून दीपमाला आत आली. तिच्याबरोबर एक ठेंगणे, काळेसावळे, जाड चष्म्याचे गृहस्थ. तिसऱ्या रांगेतला म्हातारा नव्हेच. मग आपण अडीच तास कुणासाठी नाटक केलं? ‘‘हे माझे बाबा,’’ ती माधवीताईंना म्हणाली. देवमननी सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला. त्यांच्या तळव्यांवरचे जुने घट्टे आरशातूनही दिसत होते. ‘‘मायी पोरगी म्हने, नाटकातले एक सर येनार हायेत घरी जेवाले,’’ ते म्हणाले. ‘‘यायच्यातले थे कोन व्हय?’’

माणसं एकमेकांकडे पाहू लागली, नेपथ्यवाल्याने तर डोळे मिचकावले. कुलदीपचा हात गालावर थांबला. आता उठायचं होतं, एवढंच. खुर्ची मागे सरकवायची आणि उठायचं. तिने आपल्याकडे पाहिलं की आपण उठू, असं त्याने ठरवलं, आणि दीपमालाने पाहिलं. आधी नेपथ्यवाल्याकडे पाहिलं, मग प्रकाशयोजनेवाल्याकडे, मग त्याच्याकडे, मग त्याच्या पलीकडे अजून टोपी घालूनच बसलेल्या नटाकडे. प्रत्येकाकडे सारखाच वेळ. त्याच्यापाशी ती थोडीही जास्त थांबली नाही आणि थोडीही कमी नाही. मग वडिलांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, ‘‘थे नाई आले, बाबा.’’

‘‘नाई आले? काऊन?’’

‘‘काम निंगालं असंन.’’

कुलदीपच्या अंगातून एक गरम लाट खाली उतरली, आणि ती सुटकेची होती हे त्याला स्वतःपासून लपवता आलं नाही. देवमन निघायचे ते निघाले नाहीत. आरशाजवळ आले, चष्मा सावरून त्याच्या अर्ध्या रंगलेल्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि एकदम हसले. ‘‘तुमीच ना थे मास्तर? लय भारी काम केलं सर. त्या बाईले ओळखत नाई म्हनले ना तुमी, तवा मले असा राग आला तुमचा, वाटलं उठावं अन् दोन ठेवून द्याव्या!’’ सगळे हसले. कुलदीपही हसला. देवमननी त्याचा क्रीम लागलेला हात तसाच आपल्या हातात घेतला. ‘‘थे नाई आले त नाई आले. तुमी चाला ना मंग जेवाले. पाटोड्याचा रस्सा केला मी सोताच्या हातानं. चार मान्साचा सैपाक हाये, कोन खाईन तो?’’

दीपमाला दाराशी उभी होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ओळखीचा म्हणून नाही, जावई म्हणून नाही, नुसतं एक चांगलं काम केलेला माणूस म्हणूनसुद्धा त्याला जाता आलं असतं. वाट अजून उघडी होती, आणि कुणाच्याही डोळ्यांत कसलाच संशय नव्हता. ‘‘आज नाही जमणार काका,’’ तो म्हणाला, भाषणात बोलतो त्या आवाजात. ‘‘बस लगेच निघणार आहे. सगळ्यांना खोळंबा होईल.’’ माधवीताई मागून म्हणाल्या, ‘‘अरे, बसला दोन तास आहेत,’’ पण तोवर देवमननी मान डोलावली होती.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. त्यांनी हात सोडला, धोतराला पुसला, दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. ‘‘थे सर तुमाले भेटतीन ना तिकडं अमरावतीले? त्यायले सांगा, म्हाताऱ्यानं वाट पाह्यली म्हना.’’

‘‘सांगतो,’’ कुलदीप म्हणाला.